वीज गेली की तो मोबाईल मागत नाही

देवगड तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलंय. पत्र मोठं आहे, त्यातलं मुख्य तेवढं देते:

"मुलगा चार वर्षांचा, मुलगी वीस महिन्यांची. नवरा मुंबईला नोकरीला. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात येतो. घरी मी, सासूबाई आणि मुलं. आंब्याच्या दिवसांत आम्ही दोघी पेट्या भरायला बसलो की मुलाच्या हातात मोबाईल द्यायचो. हंगाम संपला, सवय राहिली. आता जेवण मोबाईलवर, झोप मोबाईलवर. काढून घेतला की घर डोक्यावर घेतो, जमिनीवर डोकं आपटतो. धाकटीही त्याला चिकटून बघत बसते. ती अजून 'आई', 'दादा', 'दे' एवढंच बोलते. सासूबाई म्हणतात, 'नातू जेवता मां, मगे काय झाला?' नवऱ्याने वाढदिवसाला टॅब आणून दिला. मी ओरडले की मीच वाईट. आता पाऊस लागलाय, पोरांना न्यायचं कुठे? गंमत म्हणजे वीज गेली, नेटवर्क गेलं की तो तास-दोन तास काही मागत नाही, पडवीत खेळतो. मग एरवीच असं का करतो? किती वेळ मोबाईल दिला तर चालेल ते तरी सांगा."

ताई, तुम्ही विचारलंय मुलाबद्दल, पण मी आधी धाकटीबद्दल बोलते, कारण ते थांबण्यासारखं नाही.

वीस महिन्यांच्या मुलीला तीनच शब्द येत असतील तर घाबरून जाऊ नका, पण 'बोलेल हळूहळू, दादाही उशिराच बोलला' म्हणून सोडूनही देऊ नका. पाठमोरी असताना नावाने हाक मारली तर वळते का, हवी ती वस्तू बोटाने दाखवते का, तुमच्या डोळ्यांत बघून हसते का, हे दोन-तीन दिवस नीट बघा आणि डॉक्टरांना दाखवा. कान तपासून घ्या. कमी ऐकू येणारं मूल शब्द उचलणार कुठून? अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक येतं. सेविकेला विचारा पुढची फेरी कधी आहे. फेरी लांब असेल तर वाट बघू नका, थेट ग्रामीण रुग्णालयात किंवा बालरोगतज्ज्ञांकडे जा. मोबाईलमुळेच बोलणं अडलं, असा निकालही घरच्या घरी लावू नका. कारण दुसरंच निघालं तर ते वेळेवर कळलेलं बरं.

तपासणी होईपर्यंत एक मात्र आजपासून करा: तिला मोबाईल पूर्ण बंद. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जे सांगितलं त्यात वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको, वर्षापासून दोन वर्षं पूर्ण होईपर्यंतच्या मुलालाही नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एक तासाच्या वर नको, त्याहून कमी असेल तर उत्तम, असं आहे. आपल्याकडची बालरोगतज्ज्ञांची संघटना, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, हीही दोन वर्षांखाली नकोच म्हणते. सूट फक्त नातेवाइकांशी व्हिडिओ कॉलची. एवढ्या लहान मुलांना पडद्यावरून फारसं शिकता येत नाही. शिकायला समोर जिवंत माणूस लागतं: तिने 'दे' म्हटल्यावर 'काय देऊ, वाटी देऊ?' असं विचारणारं. मोबाईल तिला असं विचारत नाही. आणि घरात पडदा चालू असला की आपलं मोठ्यांचं बोलणंही आपोआप कमी होतं, हे त्याहून मोठं नुकसान.

म्हणजे मुलाचा आकडा तुम्हाला मिळाला: जास्तीत जास्त एक तास. पण तुमचं पत्र पुन्हा वाचलं तेव्हा मला वाटलं की या आकड्याने तुमचं काम भागणार नाही. उद्या तुम्ही घड्याळ लावून एक तास दिलात आणि तो जेवतानाच दिलात, तर आज आहात तिथेच राहाल. तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही 'गंमत म्हणजे' म्हणून लिहून गेलात. वीज गेली की तो मागत नाही.

याचा अर्थ त्याला मोबाईलवाचून राहता येतं. डोकं आपटतो तो मोबाईल नाही म्हणून नव्हे. मोबाईल आहे, चालू आहे आणि आई देत नाहीये म्हणून. वीज गेली की रडून कोणाशी भांडणार? आजी म्हणते 'नाय रे बाबा, गेली लाईट', तुम्ही म्हणता गेली, शेजारची काकी म्हणते गेली. सगळ्यांचं म्हणणं एकच, आणि रडलं तरी ते बदलत नाही, हे त्याला पक्कं माहीत आहे. एरवी मात्र आई नाही म्हणते, आजी देते. सकाळी नाही म्हणणारी आई संध्याकाळी पेट्यांवर बसली की स्वतःच देते. जिथे घासाघीस चालते तिथे मूल घासाघीस करणारच. चार वर्षांचं पोर हुशार असल्याचं ते लक्षण आहे. म्हणून किती वेळ, यापेक्षा कधी आणि कुठे हे आधी ठरवा, आणि ठरलेलं दोघींच्या तोंडून सारखंच निघू दे.

आता तुमच्या घरात मोबाईल कशाकशासाठी लागतो ते बघू. पोराला भरवायला, झोपवायला, तुम्ही दोघी कामात असताना गुंतवून ठेवायला आणि बाबांची भेट घडवायला. चारही गोष्टी एका दिवशी बंद करायला गेलात तर तिसऱ्या दिवशी मेटाकुटीला येऊन सगळं परत सुरू कराल. एकेक सोडवायची. पहिलं जेवण, मग झोप. कामाच्या वेळेचा मोबाईल सध्या राहू दे. आणि बाबांचा कॉल तर बंद करायचाच नाही.

जेवणापासून सुरुवात का, तर सासूबाईंना पटण्यासारखी गोष्ट तिथेच आहे. तुमच्या घरी रोज मासे असणार. बांगडा असो, तारली असो, आजी काटा काढून देते हे खरं. पण पडद्याला डोळे लावून बसलेलं पोर चावत नाही, गिळतं. तोंडात बारीक काटा आला तर जिभेने शोधून बाहेर काढायचा असतो, हे कोकणातलं पोर तीन-चार वर्षांचं असतानाच शिकतं. तुमचा मुलगा ते शिकलेला नसणार, कारण तोंडात काय चाललंय इकडे त्याचं लक्षच नसतं. सासूबाईंना हे शांतपणे सांगा. 'मोबाईल वाईट' या चार व्याख्यानांनी जे होत नाही ते या एका काट्याने होईल. दुसरं असं की बघता बघता जेवणाऱ्या मुलाला पोट भरल्याचं कळत नाही, आणि भूक लागल्याचंही कळेनासं होतं. तुम्हाला वाटतं तो मोबाईलमुळे जेवतो. खरं तर तो मोबाईल बघतो आणि तुम्ही त्याच्या तोंडात घास सारता.

करायचं असं. जेवायला सगळे खाली एकत्र बसा, धाकटीसकट. त्याचं ताट त्याच्यासमोर, हात त्याचाच. पहिला आठवडा त्याला आवडतं तेच करा: पेज आवडते तर पेज, घावणे आवडतात तर घावणे, मऊ भातावर सोलकढी तर तीही. सांडेल. बोटाने भात चिवडेल, मासा उलटापालटा करून बघेल, शिताने पाटावर रेघ ओढेल. ओढू दे. अन्नाशी त्याची ओळख अशीच होणार. तो म्हणेल, 'मोबाईल दे तर जेवतो.' तुम्ही म्हणायचं, 'मोबाईल जेवायला बसत नाही,' आणि तुमचा घास घ्यायचा. पंधरा-वीस मिनिटांत काही खाल्लं नाही तर न रागावता ताट उचला आणि पुढच्या जेवणापर्यंत बिस्किटं, चिवडा काही देऊ नका. पहिले काही दिवस तो कमी जेवेल. चांगल्या तब्येतीचं मूल दोन-तीन दिवस कमी जेवल्याने काही होत नाही. वजन आधीच कमी असेल किंवा आजारपणातून उठला असेल तर मात्र सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारून घ्या.

रडण्याबद्दल आता खरं सांगते. ते आधी वाढेल. आजवर रडल्यावर मोबाईल मिळत होता. मिळेनासा झाला की मूल समजतं, आपण कमी रडलो. मग तो जोर लावतो. नेमकं त्याच वेळी, तो अगदी शिगेला पोचला असताना, 'घे बाबा, गप्प बस' म्हणून दिलात तर पुढच्या वेळी तो तिथूनच सुरुवात करेल. म्हणून ज्या आठवड्यात घरी पाहुणे आहेत, कुणाला ताप आहे, तुम्हाला स्वतःला झोप नाही, त्या आठवड्यात हे काम हाती घेऊ नका. तो डोकं आपटायला लागला की खाली गोधडी सरकवा, जवळ जमिनीवर बसा, हात डोक्याखाली धरा. त्या वेळी समजावू नका, त्याच्या कानात काही शिरत नसतं. 'राग आलाय तुला, मी इथेच आहे' एवढं पुरे. शांत झाला की पाणी द्या, जवळ घ्या, आणि मोबाईलचा विषय काढू नका. डोकं आपटणं मोबाईल सोडून इतर वेळीही होत असेल किंवा लागेपर्यंत होत असेल तर धाकटीला नेता त्याच दिवशी त्यालाही दाखवा.

सासूबाईंबद्दल दोन शब्द. पत्रात तुमचा त्यांच्यावर राग दिसतो, आणि तो मला कळतो. पण बघा, त्यांनी स्वतःची मुलं वाढवली तेव्हा तुमच्या त्याच घरात जावा, नणंदा, दीर अशी किती माणसं असतील. मूल एकीच्या कडेवरून दुसरीच्या कडेवर जायचं. आज दोन बायका, दोन पोरं, कलमांचं काम आणि वयाबरोबर दुखणारं अंग. मोबाईल त्यांना मदतीचा हात वाटतो, यात त्यांचं काही चुकलं नाही. 'तुमच्यामुळे बिघडला' हे वाक्य घरात उच्चारू नका. त्याऐवजी त्यांना असं काम द्या जे तुम्हाला येत नाही. रात्री झोपताना गोष्ट आजीने सांगायची, तुम्ही नाही. तुमच्याकडे जत्रेतलं दशावतारी नाटक त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं असणार. संकासुर कसा येतो, कसा बोलतो, हे त्यांनी आवाज काढून सांगितलं तर कुठल्या कार्टूनची बिशाद आहे त्यापुढे टिकायची! आणि गोष्ट मालवणीतच सांगू दे. नातवाने आजीची बोली पडद्यावरच्या हिंदीच्या आधी उचलावी, असं मला मनापासून वाटतं.

झोपेचं त्यातच आलं. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून दहा ते तेरा तास झोप लागते. डोळ्यांजवळ उजेड धरून झोपायला गेलं की झोप लांबते, कारण अंधार पडल्यावर अंगात झोपेचं जे संप्रेरक तयार व्हायला लागतं ते या उजेडाने दबतं. लहान मुलांमध्ये तर मोठ्यांपेक्षा जास्त. म्हणून झोपायच्या आधी तासभर टीव्हीही बंद, मोबाईलही बंद. रात्री मोबाईलचं चार्जिंग माजघरात, अंथरुणाजवळ नको. तुमचाही.

हे 'तुमचाही' महत्त्वाचं आहे. दिवसभराच्या राबण्यानंतर दहा मिनिटं तुम्ही मोबाईल बघता ते मी तुमच्याकडून काढून घेणार नाही. ती दहा मिनिटं मुलं झोपल्यावर घ्या, एवढंच. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली ठरवलं की संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की दीड तास गावातले टीव्ही, मोबाईल बंद. मुलांचे नव्हेत, सगळ्यांचे. तुमचा भोंगा म्हणजे तिन्हीसांजेचा दिवा. दिवा लावला की जेवणं उरकेपर्यंत घरातले सगळे मोबाईल फळीवर.

आता कामाच्या वेळेचा मोबाईल. तो ठेवू म्हटलं, पण बदलून ठेवू. घरात टीव्ही असेल तर मोबाईलऐवजी टीव्ही बरा. तो लांब असतो, हातात नसतो आणि बोटाने पुढे सरकत नाही. बोटाने सरकवायचे ते मिनिटा-मिनिटाचे व्हिडिओ मुलांना अजिबात देऊ नका, त्यांना शेवटच नसतो. मोबाईलच द्यायचा असेल तर तुम्ही निवडलेल्या दोनच गोष्टी आधी डाउनलोड करा, एअरप्लेन मोड लावा आणि मग द्या. दोन संपल्या की संपल्या. तुम्ही बंद केलं नाही, ते संपलं. वीज जाण्यासारखंच झालं हे! वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली लहान मुलांच्या घरांतून हेच पाहिलं: 'अजून दोन मिनिटं हं' असा इशारा देऊन बंद केलं तर मुलं उलट जास्त चिडत होती, आणि कार्यक्रम आपोआप संपला किंवा ती रोजची ठरलेली पद्धत असली तर निमूट उठत होती. यूट्यूब किड्स वापरत असाल तर त्यात टायमर आहे, पुढचा व्हिडिओ आपोआप लागणं बंद करता येतं, आणि तुम्ही मंजूर केलेलंच दिसेल अशी सोयही आहे. एकदा नवरा घरी असताना बसून हे सगळं लावून घ्या.

टॅबवरून नवऱ्याशी भांडू नका. लांब राहणाऱ्या बापाला पोरासाठी काहीतरी करावंसं वाटतं, दुकानातून आणण्यापलीकडे त्याच्या हातात काय असतं? टॅब मुलाचा नाही, घराचा, एवढं दोघांनी मिळून ठरवा. तो कपाटात राहील आणि मोठं माणूस काढून देईल. आणि बाबांना याहून मोठं काम द्या. रोज ठरलेल्या वेळी कॉल, दिवा लावायच्या आधी जमत असेल तर उत्तम. नुसतं 'जेवलास का, शहाण्यासारखा वाग' नको. बाबांनी खिडकीतून दिसणारी लोकल दाखवावी, डब्यात काय होतं ते सांगावं, एखादं चित्रांचं पुस्तक पडद्यासमोर धरून वाचावं. मुलाने विहीर किती भरली ते दाखवावं, धाकटीने 'बाबा' म्हणावं. मोबाईल तुमच्या हातात, कॉल संपला की फळीवर. कॉल संपल्यावर तोच मोबाईल मुलाच्या हातात राहिला की पुढे कार्टून लागतंच.

राहिला पाऊस. 'न्यायचं कुठे' हे तुमचं म्हणणं खरं आहे, पण पडवी आहे ना! पाऊस उघडला की मात्र दहा मिनिटांसाठी का होईना, अंगणात सोडा. बाहेरचा उजेड ढगाळ दिवशीही घरातल्या दिव्याच्या कितीतरी पट असतो, आणि जी मुलं रोज बाहेर उजेडात असतात त्यांना लांबचं कमी दिसण्याचा चष्मा लागण्याचं प्रमाण कमी असतं, हे अनेक देशांत तपासून झालंय. भिजला तर टॉवेलने पुसा. फक्त पऱ्ह्याकडे म्हणजे ओहोळाकडे, विहिरीकडे आणि साचलेल्या पाण्याकडे एकटा जाणार नाही, हे बघणारं कुणीतरी हवं, आणि पायांत चपला-बूट असू दे. जनावराचे, म्हणजे सापाचे, दिवस आहेत.

घरात त्याला खेळणी शोधून देण्यापेक्षा कामात घ्या. चार वर्षांच्या मुलाला काम म्हणजेच खेळ. कुळीथ निवडायला बसलात तर त्याला मूठभर वेगळे द्या आणि खडे वाटीत टाकायला सांगा. लसूण सोलेल, आंबोळीचं पीठ ढवळेल, पागोळीखाली तांब्या धरून तो भरायला किती वेळ लागतो ते मोजेल. आंब्याच्या रिकाम्या पेट्या फेकू नका. पावसाळाभर त्या एसटी होतील, होडी होतील, दुकान होतील. धाकटीला लहान वस्तू देऊ नका, कुळीथ नाकात घालेल. तिला वाट्या आणि डाव पुरेत. तुमचं काम यात दुप्पट वेळ घेईल, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच दिवसातलं एकच काम असं करा, सगळी नकोत. आणि अंगणवाडी एकही दिवस बुडवू नका. तिथली सोबत त्याला घरी कुणी देऊ शकत नाही.

पुढच्या हंगामाचं आत्ताच बोलून ठेवते, कारण खरी कसोटी तेव्हा आहे. पेट्या भरायच्या दिवसांत दोन-तीन तास मुलांना बघायला वाडीतलीच एखादी मोठी मुलगी किंवा कामं उरकलेली एखादी मावशी ठरवा, तिला त्याचे पैसे द्या. पेंढा, कागद, गाडीभाडं यांचा हिशेब धरता तसा हाही खर्च हंगामाच्या हिशेबात धरा. बागेच्या कामातली ही मजुरीच आहे, तुमची वैयक्तिक चैन नव्हे. नवऱ्याशी बोलताना हा मुद्दा सोडू नका.

त्याआधी गणपती येतात. मुंबईची भावंडं येतील आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल असेल. तुम्ही दोन महिन्यांत घातलेली घडी पाच दिवसांत विस्कटेल, ही भीती तुम्हाला वाटणारच. जाऊबाईंना आणि नणंदेला आधीच फोन करून सांगा, आल्यावर चारचौघांत नको: आरती ते जेवण या वेळात मुलांच्या हातात काही नको, आणि धाकटीसमोर कधीच नको. बाकीच्या वेळात थोडं इकडेतिकडे होईल, होऊ दे. पाहुणे गेले की दुसऱ्या दिवशी सकाळच्या पेजेपासून पुन्हा ठरलेलं सुरू करा. एकदोन दिवस रडेल, मग त्याला आठवेल.

धाकटीच्या तपासणीत काय निघालं ते नक्की कळवा. हे उत्तर नवऱ्यालाही पाठवा, आणि सासूबाईंना वाचून दाखवणार असाल तर काट्याचा भाग आधी वाचा.